खांबाखालची हवा

धूळ आणि किस्से, आमच्या ऑफिसात दोन्ही न बोलावता साचतात. धूळ निदान झाडता येते! काम तसं सोपं. हडपसरच्या एका चौकात खांबावर हवा मोजणारं यंत्र आहे आणि त्याखाली आकडा दाखवणारा बोर्ड. हिरवा आकडा म्हणजे हवा चांगली, लाल म्हणजे वाईट. शहर स्मार्ट करायचं ठरल्यापासून खांब आमच्या साहेबांचा आणि कंट्रोल रूममधले फोन माझे.

*

उद्घाटनाच्या दिवशी बोर्ड लालभडक! पाहुण्यांची गाडी तर वळणावर आलेली. साहेबांनी स्वागताचा हार उचलला आणि थेट आकड्यावर चढवला. रिबन कापली, टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांनी हळूच विचारलं, "पण मी उद्घाटन केलं कशाचं?"

"हवेचं, सर!" साहेब म्हणाले.

*

चौकापासून दोन गल्ल्या आत इनामदार बाई राहतात. रिटायर्ड शिक्षिका, दम्याचा त्रास. त्यांच्या इमारतीमागे रोज सकाळी कुणीतरी कचरा पेटवतं आणि धूर सरळ त्यांच्या खिडकीत शिरतो. तो जाळ बंद करा, एवढंच त्यांचं मागणं. फोनवर दोन वाक्यं बोलून त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या. ऐकताना मला वाईट वाटायचं.

मी म्हटलं, "बाई, ॲपवर फोटोसकट तक्रार टाका." त्यांनी टाकली. उत्तर आलं, फोटो अस्पष्ट असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे.

लगेच बाईंचा फोन. "अहो, धुराचाच फोटो आहे तो! स्पष्ट यावा म्हणून धुराला जरा बाजूला व्हायला सांगू का?"

*

लाइट गेली की बोर्ड बंद पडायचा, म्हणून खांबाला खेटून डिझेलचा जनरेटर बसवला. जनरेटर सुरू झाला की बोर्ड चालू आणि आकडा लाल! आमचे टेक्निशियन जोशी म्हणाले, "साहेब, हा आकडा शहराचा नाही. घरचा आहे."

*

शेवटी साहेबांना उपाय सापडला. पाण्याचा फवारा मारणारी गाडी आली. गाडी एकच, मग ती फिरवायची कुठे? खांबाभोवती! जनरेटर हलवला, रिक्षांना तिथे थांबायला बंदी केली, झाडांच्या कुंड्या मांडल्या. बोर्ड हिरवागार! साहेबांनी पेढे वाटले आणि बाईंना स्वतः फोन करून सांगितलं, "हडपसरची हवा आता उत्तम आहे." इमारतीमागे कचरा जळतच होता.

दुसऱ्या दिवशी बाई घडीची खुर्ची, दम्याचा पंप आणि चहाचा थर्मास घेऊन खांबाखाली येऊन बसल्या. साहेब धावतच गेले.

"बाई, इथे बसता येणार नाही."

"का? उत्तम हवा आहे, असं आपणच सांगितलंत. माझ्या घरापर्यंत काही ती पोचली नाही. म्हटलं, आपणच येऊन घ्यावी."

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या पंपाकडे पाहिलं आणि तडक निघून गेले. आता हे पोलीस आणणार, अशी आमची खात्री झाली.

सकाळी मी पोचले तर खांबाखाली दोन खुर्च्या! दुसऱ्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई, हातात तसाच पंप. इनामदार बाईंनी त्यांच्यापुढे चहा धरला. "कुठून आलात आपण?"

"बिबवेवाडीहून. मुलानं आणून सोडलं. तो बघा, पाठीला उशी आणायला गेला होता."

समोरून साहेब उशी घेऊन येत होते.