थंड बॅरलचा पहिला राउंड

हा प्रसंग मी कित्येक वर्षं टाळला. नातवंडांना बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. फूलबागेत सकाळी भेटणाऱ्या पेन्शनरांनी विचारलं की विषय बदलला. पण माझी एक चूक आमच्या पलटणीत इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहिली. ती उतरवायची आहे, म्हणून लिहितो.

मी हवालदार होतो, स्नायपर. पलटण तेव्हा ग्वाल्हेरला होती. माझा जोडीदार नाईक मनोहर कदम, इथलाच, किला गेटचा. स्नायपर जोडीत एक जण गोळी मारतो. दुसरा शेजारी दुर्बीण लावून पडतो, अंतर आणि हवा सांगतो. हवा सांगणं मनोहरचं काम होतं.

शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमची फायरिंग रेंज. सुरुवातीला सहाशे मीटरवर माझ्या पाच गोळ्या परातीएवढ्या जागेत पसरायच्या. मेहनत घेतली. रिकाम्या रायफलच्या नळीवर वापरलेल्या काडतुसाची पुंगळी उभी ठेवायची आणि ती न पाडता ट्रिगर दाबायचा. अर्धा श्वास सोडून थांबायचं. बोटाचं फक्त टोक हलवायचं. पुंगळी पडली की मनोहर ती उचलून परत ठेवायचा. हळूहळू पाच गोळ्या वाटीत बसू लागल्या.

तरी तो खूश नव्हता. रेंजवर आधी दोन-तीन राउंड मारून बॅरल गरम करायची आमची रीत होती. ते राउंड मोजत नसत. मनोहरला हे पटायचं नाही.

“उस्ताद, दुश्मन काय म्हणेल? पहिले दो माफ, आता तिसरा मारा?”

मी त्याला पंडित म्हणून चिडवलं. त्याने ऐकलं नाही. रोज सकाळी पहिली गोळी थंड बॅरलमधून, आणि मोजायची तीच, असा नियम त्याने लावला. बॅरलला गंज लागू नये म्हणून रात्री तेल देतात. ते राहिलं तर पहिली गोळी भरकटते. आमच्या रायफलची वीतभर वर जायची. म्हणून मारण्याआधी बॅरलमधून कोरडी चिंदी ओढायची, कापड स्वच्छ निघेपर्यंत. दोन महिन्यांत माझी पहिली गोळीही वाटीत बसू लागली. पलटणीत माझं नाव झालं. ते खरं तर त्याचं होतं.

पुढे पलटण सरहद्दीवर गेली. आमच्या एका चौकीची रसद ज्या वाटेने जायची, त्या वाटेवर समोरच्या उतारावरून एक मशीनगन फायर करायची. दोन जवान जखमी झाले होते. कंपनी कमांडरांनी आम्हाला पाठवलं. पहाटे आम्ही खडकांमागे जागा घेतली. बोटं बधिर झाली होती. मनोहरने कुजबुजत विचारलं, “सूखी चिंदी मारली ना, उस्ताद?”

मी म्हणालो, “मारली.”

मारली नव्हती. त्या थंडीत हातमोजे काढायचे नव्हते, हे एक. दुसरं, एका राउंडने काय होतंय असं वाटलं.

उजाडलं. गनर दिसला.

“सहाशे. हवा डावीकडून. दोन क्लिक.”

मी रायफलवरच्या दुर्बिणीचा खटका दोन घरं फिरवला आणि मारलं. गोळी गनरच्या डोक्यावरच्या दगडावर लागली. गोळी कुठे पडली ते पाहायला मनोहर कोपरावर उठला. तेवढ्यात मशीनगन आमच्याकडे वळली.

“वीतभर वर,” तो म्हणाला. हे त्याचं शेवटचं बोलणं.

मी खटक्याला हात लावला नाही, निशाणही बदललं नाही. तसाच दुसरा राउंड मारला. गनर पडला. म्हणजे अंतर बरोबर होतं आणि हवाही बरोबर होती. बॅरलमधलं तेल तेवढं पहिल्या गोळीने जाळलं होतं.

मी रेडिओवर सांगितलं, “टारगेट खतम. एक कॅज्युअल्टी.” संध्याकाळी कंपनी कमांडरांनी विचारलं, पहिला राउंड वाया का गेला? मी म्हणालो, “हवा, साहेब.” त्यांनी मान हलवली. कोणी आणखी विचारलं नाही. आठवड्याभरात सगळी पलटण म्हणू लागली, कदमची हवा चुकली.

सुट्टीत मी किला गेटला त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील निवृत्त सुभेदार. त्यांच्यापर्यंतही ते पोचलं होतं. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, “हवा पढण्यात चूक झाली म्हणतात. सही आहे?”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी, काका.”

त्यांनी रिकाम्या कपबशा एकात एक ठेवल्या. मग म्हणाले, “हवा मीच शिकवली त्याला. छतावर पतंग उडवताना. माझ्याच शिकवण्यात काही कमी राहिली असेल.”

मी उठलो, पाया पडलो आणि निघालो.

त्यानंतर बदल्या होत गेल्या. निवृत्त होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घर घेतलं. किला गेट इथून टेम्पोने किती दूर? मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परतलो. तिसऱ्यांदा दारापर्यंत पोचलो, तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं, सुभेदारसाहेब मागच्या थंडीत गेले.

आता इथल्या रेंजवर मी नव्या नेमबाजांना शिकवतो. कोरडी चिंदी ओढल्याशिवाय कोणाला झोपून निशाण घेऊ देत नाही, आणि का ते नाव घेऊन सांगतो, मनोहरचं आणि माझंही. पलटणीतले जे हयात आहेत त्यांनाही सांगितलं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यासाठी वाक्यं तयार होती. काका, मनोहरने हवा बरोबर सांगितली होती. चिंदी मारली नव्हती ती मी. त्याने विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो. मला माफ करा.