पंपाला गुंडाळलेलं सूत

आमच्या विहिरीवर एक बिडाचा पंप होता. आजोबांनी तो एका बंद पडलेल्या मिठागरातून आणला होता, म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच त्याचं अर्धं आयुष्य खारट पाण्यात गेलेलं. वजनाला असा, की चौघांनी उचलावा आणि पाचव्याने शिव्या द्याव्यात. त्याला हात लावायचा हक्क घरात फक्त बाबांना. आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याचं पाणी भरत होती, पण बटण दाबण्यापलीकडे तिची मजल गेली नव्हती. एकदा तिने त्याच्यावर फडकं वाळत घातलं, तर बाबा दिवसभर फुरंगटून बसले. या माणसाचं पहिलं लग्न पंपाशी झालंय, असं मी आईला चिडवायचे.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. हॉस्पिटलमधून आले ते ओटीवरच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. पेपर नको, टीव्ही नको, गव्हाणहून भेटायला येणारे जुने दोस्त नकोत. दोन घास खाऊन ताट बाजूला सारायचे. मी तेव्हा नवीन पनवेलला राहायचे आणि सुट्टी मिळाली की येऊन बघायचे. मला त्या खुर्चीचा भयंकर राग यायचा. खरं तर भीती वाटायची, पण घाबरले की चिडायचं ही माझी लहानपणापासूनची खोड.

त्यातच पंप पाणी ओढेनासा झाला. सांध्यांवर गंजाच्या खपल्या धरल्या होत्या. पंपाजवळचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा सांधा, भावाने अंगठ्याने दाबून पाहिला, तर भोकच पडलं. त्याने प्लंबर बोलावला. प्लंबर पंपाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, हा म्युझियमला द्या." झालं. भावाने ठरवून टाकलं, विहिरीत नवी मोटर सोडायची आणि रविवारी हा पंप भंगारात. भाऊ वाईट नव्हता. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाशी भांडताना फार जड जातं.

हे ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले. "पंप... नाय द्यायचा."

एवढंच. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "पंप गेला ना, तर ह्ये बी पाठोपाठ जातील. मना ठावं हाय."

तिचे डोळे कोरडे होते, म्हणून मी जास्तच घाबरले. "पण दुरुस्त कोण करणार?"

"आपुन. ह्ये सांगतील तसं."

भावाने कुरकुरत का होईना, पाइप विहिरीतून वर ओढून दिला आणि गंजके भाग सोडवले. मी ते पिशवीत घालून पनवेलच्या बाजारात गेले. एक एल्बो, आणि पाइपाच्या बुडाला असतो तो फुटव्हॉल्व्ह, म्हणजे ओढलेलं पाणी परत विहिरीत जाऊ न देणारी झडप. दुकानदाराने जुन्याला नवे जोडून बघून दिले आणि वर सांध्यांना गुंडाळायची पांढरी टेपही दिली. ती टेप बाबांनी डाव्या हाताने उचलली, बघितली आणि खुर्चीखाली टाकली.

"सूत आन सफेदा."

जुनी पद्धत अशी. पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळायचं, त्यावर पांढरा सफेदा चोपडायचा आणि मग पुढचा भाग पान्याने आवळायचा. बाबांची खुर्ची आम्ही विहिरीशी आणली. आधी पंपाजवळचा सांधा. आट्यांचं तोंड वर होतं. आईने विचारलं, "कंच्या अंगानं गुंडालू?"

बाबा उजवा हात उचलून दाखवायला गेले. हात मांडीवर नुसता हलला. ते त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वडाला... गुंडालतेस ना? तसं."

आईने पदर खोचला आणि पाइपाला प्रदक्षिणा घालावी तसा हात फिरवत सूत गुंडाळलं. तिचे ओठसुद्धा हलत होते, सवयीने. मी पान्यावर लोंबकळून एल्बो आवळला. सांधा झकास बसला.

राहिला फुटव्हॉल्व्ह. तो पाइप विहिरीवरच्या तुळईला दोराने टांगलेला होता, तोंड खाली. बाबा कठड्याच्या पलीकडे होते, त्यांना तो नीट दिसत नव्हता. आईने तसंच सूत गुंडाळलं, मी तसंच आवळलं. पाइप खाली सोडला, पंपात बादलीने पाणी भरलं, बटण दाबलं. पंप घरघरला. पाणी नाही. पुन्हा भरलं, पुन्हा घरघर. भरलेलं पाणी सगळं विहिरीत परत जात होतं.

भाऊ हाताची घडी घालून उभा होता. त्याने बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला, उद्या सकाळीच ये म्हणून. बाबांनी मान खाली घातली. त्या क्षणी मला तो पंप उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

मान खालीच ठेवून बाबा म्हणाले, "खालचं... दाखवा."

भावाने पाइप पुन्हा वर घेतला. झडपेच्या वर सुताचा सगळा गुंता बाहेर येऊन लोंबत होता. आता वीज कोसळणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. पंपाच्या बाबतीत बाबांनी कधी कुणाची गय केली नव्हती. ते सुताकडे बघत राहिले, मग आईकडे, आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं.

"वड उलटा... टांगला हाय. आन तू... सुलटी फिरलीस!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड वर असताना जी दिशा बरोबर, तीच तोंड खाली असताना उलटी पडते. मी झडप आवळत होते आणि सूत आत बसायचं सोडून बाहेर येत होतं.

"मंग काय माझे सात जनम उलटे झाले?" आई म्हणाली.

"झाले तर... ह्योच नवरा... परत."

"येऊ द्या. असा कटकट्या दुसरा कुठं मिलतो मना?"

दुसऱ्या खेपेला आईने उलटं गुंडाळलं. सुताचं रीळ बाबांनी डाव्या हातात धरलं आणि तिला लागेल तसं ते सोडत गेले. पंप आधी खोकला, मग तांबडं पाणी ओकला, मग स्वच्छ धार आली. भाऊ नखशिखान्त भिजला आणि तशाच ओल्या हाताने भंगारवाल्याला नको म्हणून सांगू लागला. बाबांनी त्या दिवशी भात दोनदा मागून घेतला.

त्यानंतर बाबा काही वर्षं जगले, चांगले कटकट करत जगले. पंपाचं सगळं आईच्या हातून करून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी तिला बोल लावायचे. मी ते ओटीवर बसून आनंदाने ऐकायचे.

ते गेल्यानंतरच्या वटपौर्णिमेला मी मुद्दाम रजा काढून घरी गेले. बायका ताटं घेऊन वडाकडे निघाल्या होत्या. आमच्या दारावरून जाताना त्यांनी आवाज खाली केले. आईला कुणी हाक मारली नाही, मारायची नसतेच. मला त्या रीतीचा संताप आला आणि आईजवळ तो ओकायचा म्हणून मी तिला शोधत मागे गेले.

आई विहिरीवर होती. पाइप वर ओढलेला, भाऊ निमूटपणे दोर धरून उभा. बाजूला पाना आणि सफेद्याचा डबा.

"गळतोय का गं?" मी विचारलं.

"नाय."

आई टांगलेल्या पाइपाला सूत गुंडाळत होती, उलटं, आणि तिचे ओठ हलत होते. तिच्या हातून रीळ सारखं निसटत होतं. मी ते उचललं आणि तिला लागेल तसं सूत सोडत राहिले.