न्हाणीतल्या मिरच्या

लग्न होऊन मी धुळ्याजवळच्या खेड्यातून जळगावला आले, तेव्हा सासऱ्यांना नुकतीच पेन्शन सुरू झाली होती. त्यांना सगळे नाना म्हणत. परसात तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी लवंगी मिरची लावली होती. वांग्याच्या भरताच्या दिवसांत बाजारातली मिरची त्यांना चालायची नाही. "ती नुसतीच हिरवी," म्हणायचे.

त्या पौषात असा गारठा पडला की असोद्याकडच्या केळीही पिवळ्या पडल्या. मिरच्यांची पानं गळायला लागली. आमच्याकडे संध्याकाळीही हातपाय धुवायला बंब पेटायचा. नाना दिवेलागणीला सगळे डबे उचलून न्हाणीत बंबाजवळ नेऊन ठेवू लागले.

सकाळी सासूबाई दारातच अडल्या. "बठ्ठी न्हाणी तुमनी मिरचीनी भरी गयी. मी आंघोय कोठे करू?"

"थंडी शे तोवर राहू दे," नाना म्हणाले.

चार दिवस आम्ही फांद्या चुकवत अंग चोरून आंघोळी केल्या. मग मी धीर करून म्हटलं, "नाना, छाटू या का? आमच्या वावरात वांग्याचा खोडवा घेतात. वीतभर खोड ठेवायचं, थंडी सरली की नवी फूट येते. डबेही कोपऱ्यात मावतील."

"वांगं वेगळं, मिरची वेगळी."

पण सासूबाईंनी लगेच कात्री आणून माझ्या हातात दिली. शेवटी नानांनी एक डबा पुढे सरकवला, सगळ्यांत मरतुकडं झाड असलेला. मी छाटायला बसले तेव्हा ते चपला घालून नाक्यावर निघून गेले.

थंडी ओसरली तसे डबे पुन्हा परसात आले, तरी पुढे कितीतरी दिवस त्या डब्यात नुसती काडी उभी होती. नाना येता-जाता त्या काडीकडे पाहत, त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटायची. एकदा मी नखानं साल खरवडून पाहत होते, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, "हिरवं शे. मीनी काल पाह्यं." त्याही चोरून पाहत होत्या. आम्ही दोघी तिथंच हसत बसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच मला त्या घरात मोकळं वाटलं.

शिवरात्रीच्या सुमारास नाना स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सूनबाई, जरा बाहेर ये."

काडीला जागोजाग कोंब फुटले होते. नाना ते बराच वेळ न्याहाळत राहिले, मग म्हणाले, "आता बाकीचीही छाट. मी डबा धरतो." या वेळी ते नाक्यावर गेले नाहीत.

होळीनंतर मिरच्या लागल्या. पहिला ठेचा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर झाला. नानांना उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते हात पुढे करून आणखी मागत राहिले.

मग जळगावचं ऊन सुरू झालं. दुपारी पानं माना टाकायला लागली, तसं नानांनी कूलरच्या खोलीकडे पाहिलं. सासूबाई पंख्यानं वारा घेत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कूलरपुढे मी बठसू. तुमनी मिरची नही."

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून परसात मिरच्यांवर जुन्या लुगड्याचा मांडव बांधला.