सोपानचा ओटा आधी का धुतला?

मित्रांनो, आज सकाळी माझा शाळेतला सोबती सोपान त्याच्याच ओट्यावर मेलेला सापडला. डोक्यात घाव होता. लहानपणी वर्गात मी कवितेचं कडवं विसरलो की मागच्या बाकावरून हळूच ओळ सांगायचा, तो हाच सोपान.

शिरूरहून पोलीस आले, तोवर सोपानच्या पुतण्यानं त्याला आत खाटेवर निजवलं होतं आणि ओटा धुऊन, शेणानं सारवून टाकला होता.

"दारात रगात तसंच ठेवायचं व्हय, साहेब? रीत हाय आमची," पुतण्या म्हणाला.

मी हवालदाराला बाजूला घेतलं. "डीएनएवरून खुनी कोण ते कळंल ना?"

"आबा, ते टीव्हीत. हितं आमी पोचायच्या आत मान्सं समदं धुऊन काढत्यात. लई खुनांत डीएनए हाताला लागतच न्हाई."

गावानंही रीत म्हणून मान डोलावली. मी घरी आलो, पण कवितेतल्या ओळी मागंपुढं झाल्यासारखं काहीतरी खटकत राहिलं.

आमच्याकडं मयत उठल्यावरच घर धुतात, सारवतात. सोपान तर अजून घरातच होता.

आता पोलीस ठाण्यात हेच सांगायला निघालोय. तुमच्याकडं मयत घरात असताना कुणी ओटा सारवतं का हो?