त्या कादंबरीचा शेवट मी लिहिला होता

मंडळी, आज आमच्या जयनगरला एका जुन्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन होतं. साठच्या दशकात पुण्याचे प्रकाशक मला इथे टपालाने हस्तलिखितं पाठवायचे आणि मी घरबसल्या संपादन करायचे. या कादंबरीचा शेवट मी अख्खा नव्याने लिहिला होता.

लेखकाचा मुलगा व्यासपीठावरून म्हणाला, "बाबांच्या लिखाणाला कधी कुणाचा हात लागला नाही."

कार्यक्रमानंतर मी त्याला गाठून माझं नाव सांगितलं. तो आनंदाने म्हणाला, "काकू, तुम्ही! बाबा सांगायचे, तुमचं अक्षर फार सुरेख. त्यांच्या कादंबऱ्यांची सुवाच्य प्रत तुम्हीच करून द्यायचात ना?"

म्हणजे लेखक मला विसरला नव्हता. त्याने मला नक्कल करणारी बाई करून टाकलं होतं.

मी घरी आले. आता या वयात कुणाकुणाला पटवत बसू, सांगा?