सेक्टर सहाच्या क्वार्टरमधला मतदार

“यहाँ इस नाम का कोई नहीं रहता, मैडम.”

सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरचं दार अर्धंच उघडलं होतं. दारातल्या बाईंचं खरंच होतं. निखिल ढोमणे तिथे राहत नव्हता, तो मस्कतला नोकरीला होता.

मी शाळेत शिकवते आणि बीएलओचं काम करते, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादीतली नावं तपासते. उन्हात स्कूटर हाणायची आणि दारोदार ऐकून घ्यायचं, हे त्यात आलंच. निखिलने मस्कतहून फॉर्म सिक्स-ए भरला होता. परदेशात राहणाऱ्या, पण तिथलं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयांना मतदारयादीत नाव लावण्यासाठी तो असतो.

त्याचे वडील इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर कंपनीला परत गेलं आणि ते जवळच बोरसीला राहायला गेले. मुलाच्या पासपोर्टवर सेक्टर सहाच राहिलं. भिलाईत असं बऱ्याच घरांत होतं.

मी सुपरवायझरना फोन लावला. “सर, रिजेक्ट कर दूँ?”

“अरे नहीं! पासपोर्ट में जो पता है, नाम वहीं चढ़ेगा. अभी वहाँ रहना ज़रूरी नहीं. पिताजी से मिल लीजिए.”

बोरसीला ढोमणेकाका एकटेच होते. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो.

“मॅडम, त्याचं नाव इथंच लावून द्या ना, माह्या नावाखाली.”

“नाही जमत काका. पासपोर्टवरचा पत्ता बदलला तरच.”

“मंग तिथं लावा, पण लावा. त्याची माय गेली तेव्हा सुट्टी नाही भेटली त्याले. आता तो म्हणते, बाबा, मतदानाले नक्की येतो. नावच नसन तर कायले येईन तो?”

मला भरून आलं आणि निखिलचा रागही आला. मी कामाचं बोलले. “काका, परदेशातून पोस्टाने मत देता येत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं.”

“तेच तर पाहिजे आमाले,” काका म्हणाले.

नाव लागलं.

मतदानाच्या दिवशी मी सेक्टर सहाच्या बूथबाहेर मदतीच्या टेबलावर होते. बोरसीत आपलं मत देऊन काका सकाळीच तिथे आले आणि कडुनिंबाखाली बसले. ऑटो थांबला की मान वर करायचे. दुपारी मी डबा पुढे केला.

“नाही मॅडम, विमान लेट असन. तो आला की संगंच जेवतो.”

संध्याकाळी बूथचं गेट बंद झालं. काका उठून टेबलाशी आले.

“आता त्याचं नाव कटन काय?”

“नाही काका. मत दिलं नाही म्हणून नाव कटत नाही.”

“म्हणजे पुढच्या बारी बी राहीन?”

“राहील.”

“मंग ठीक आहे,” म्हणून ते आपल्या स्कूटरकडे गेले.

तेव्हापासून सिक्स-ए आला की मी आधीच बजावते, नाव तिथून लावता येतं, शाई लावायला बोट मात्र इथे आणावं लागतं. अडचण एवढीच, की हे सांगताना माझ्यासमोर बहुतेक आईवडीलच बसलेले असतात.