बंद पडणारं घड्याळ

फाईल बंद होऊन काही वर्षं झाली, खाकी उतरवूनही झाली, पण ते प्रकरण काही डोक्यातून गेलं नाही. कुणाच्या हातात भारी घड्याळ दिसलं की मंडळी कंपनी विचारतात, किंमत विचारतात. मला वडवणीकडचं एक शेततळं आठवतं आणि लिंबागणेशच्या बाजूचा एक ओटा आठवतो. इथे कुणाचंही नाव घेणार नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत आणि त्यांनी पुरेसं भोगलं आहे.

त्या वेळी मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच खबर आली, शेततळ्यात माणूस तरंगतोय. माणूसही ऐरागैरा नव्हता. रस्त्यांची, बंधाऱ्यांची कामं घेणारा गुत्तेदार, तालुक्यात वजन असलेला. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, त्यामुळे आधी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पण शवविच्छेदनात डोक्याच्या मागे मार निघाला, तोही पाण्यात पडण्याआधीचा. मग खुनाचा गुन्हा दाखल झाला.

पंचनामा करताना मी बघत होतो. गळ्यात सोन्याची जाड चेन, बोटांत अंगठ्या, सगळं जागच्या जागी. मोबाईल खिशातच, भिजून मेलेला. फक्त डाव्या मनगटावर पट्ट्याएवढी कातडी गोरी दिसत होती.

माझा जुना हवालदार तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "साहेब, ह्यो कसला चोर? एवढी चेन सोडून घड्याळ न्हेतंय! येडं हाय का काय?"

मी म्हणालो, "येडं नसेल. ज्याला त्या घड्याळाचं मोल माहीत आहे, असा कुणीतरी असेल."

हे मी बोलून गेलो खरा, पण त्या दिवशी तेवढ्यावरच राहिलं. गुत्तेदाराच्या बायकोला विचारलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "पुण्याहून नवंच आणलं होतं. पांढरं, लोखंडी दिसायचं. मी म्हणलं बी, एवढं कमावताय आन् असलं कावून आणलं? तर नुसतं हसले." शेजारी तिचा भाऊ, म्हणजे मयताचा मेहुणा, उभा होता. तो म्हणाला, "तिला काय कळतंय साहेब घड्याळातलं? भाऊजी सोन्याशिवाय काही घालत नव्हते." घरात मेहुण्याचा आवाज मोठा. तिचं बोलणं तिथेच विरलं.

मयताचा एक भागीदार होता. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, एकाच मोटारसायकलवरून धंद्याला लागलेले. जबाबासाठी मी त्याच्या गावी गेलो. माणूस ढसाढसा रडला. "माझा भाऊच गेला, साहेब!" म्हणाला. ओट्यावर खाटेवर त्याचे वडील पडून होते. गावात सगळे त्यांना आबाच म्हणत. डावी बाजू लुळी पडलेली. डावा हात गोधडीवर ठेवलेला आणि त्या हाताला घड्याळ बांधलेलं.

आबांनी मला विचारलं, "सायब, टाइम काय झाला?"

मी म्हणालो, "आबा, घड्याळ तर तुमच्याच हातात आहे."

"ह्ये व्हय? पोरानं आणलंय. पण बंद पडतंय मेलं. ह्या हातानं हालवलं की जरा चालतंय, पुन्हा बसतंय."

"सेल गेला असेल," मी म्हणालो. भागीदार लगेच म्हणाला, "होय, टाकायचाय सेल." आम्ही चहा प्यायलो. ते घड्याळ माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मला ते आठवडी बाजारातल्या घड्याळांसारखंच वाटलं, आणि शपथेवर सांगतो, तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पुढे खबर आली. आमचा एक खबऱ्या येऊन कानाशी लागला, "मालकाच्या ड्रायव्हरच्या हातात सोनेरी घड्याळ चमकतंय साहेब, मातीच्या दिवसापासनं." तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, हॉटेलात सगळे तेच बोलतायत. ड्रायव्हर म्हणजे शहरातल्या एका मेकॅनिकचा मुलगा. मुसलमान घरातला, नुकताच निकाह झालेला. त्या दिवशी मालकाला शेतावर सोडून तो पाण्याची मोटार आणायला सिरसाळ्याला गेला होता. परतला तेव्हा शेतावर कुणी नव्हतं. मालक दुसऱ्या कुणाच्या गाडीतून गेले असतील असं समजून तो घरी गेला. मालकाला शेवटचं त्यानंच पाहिलेलं, हातात नवं घड्याळ, आणि नाव वेगळ्या धर्माचं. लोकांना एवढं पुरे होतं.

त्याला ठाण्यात आणलं. पोरगा हात जोडून म्हणाला,

"साब, सासऱ्यानं दिलंय निकाहात. आल्ला कसम! गाडीखाली हात घालावा लागतो, ग्रीस लागतं, म्हणून पेटीत ठेवलतं. मालकाच्या मौतीला मोठी मोठी लोकं येणार म्हणून चांगले कपडे घातले, हे बी घातलं. माझी चूक झाली का साब?"

चूक! काय सांगणार त्याला? मेलेल्या मालकाचा मान राखायला त्यानं घरातली सगळ्यात चांगली वस्तू अंगावर घातली होती, आणि तीच आता त्याला फासाकडे ओढत होती. दुपारपर्यंत ठाण्यासमोर जमाव जमला. मेहुणा ओरडत होता, "आमच्या ताब्यात द्या!" ड्रायव्हरच्या बापाचं गॅरेज जाळण्याची भाषा चालली होती. शेवटी तिथे दोन शिपाई बसवावे लागले. ड्रायव्हरची बायको फाटकाशी बुरख्यात उभी होती, तिला पाणी द्यायलाही कुणी पुढे येत नव्हतं. मला राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तपास थोडा जरी घसरला असता तर तो पोरगा जन्मभर आत गेला असता, नाहीतर त्याआधीच रस्त्यावर मारला गेला असता.

मी मुद्देमालाची ओळख परेड लावली. वस्तू तशाच दिसणाऱ्या इतर वस्तूंत मिसळायची आणि साक्षीदारांना एकेकटं बोलावून ओळखायला लावायची, ही आमची नेहमीची पद्धत. टेबलावर घड्याळं मांडली, काही सोनेरी, काही स्टीलची, आमच्या शिपायांची धरून. त्यांत ड्रायव्हरचंही ठेवलं. पंच बसले.

मेहुणा आला आणि त्यानं थेट ड्रायव्हरच्या घड्याळावर बोट ठेवलं. शेतावरचा सालगडी आला, त्यानंही तेच दाखवलं. गावातला एक पुढारी आला, तोही तेच. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं, हे मी आजही सांगेन. मोठ्या माणसाचं घड्याळ म्हणजे सगळ्यांत जास्त चमकणारं, एवढंच त्यांच्या मनात होतं. डोळ्यांनी पाहिलेलं पांढरं घड्याळ मनानं केव्हाच पिवळं करून टाकलं होतं.

शेवटी भागीदार आला. त्यानं घड्याळांवरून नजर फिरवली आणि तेच उचललं. "हेच साहेब. रोज बघत होतो मी. डोळे झाकून ओळखीन."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या लेखी केस संपली होती.

परेड उरकून सगळे गेल्यावर मयताची बायको आली, एकटीच, भावाला न सांगता. पिशवीतून तिनं एक लाकडी डबी काढली. "ह्याच्यात होतं ते घड्याळ. कपाटात सापडली. साहेब, त्या ड्रायव्हरचं घड्याळ ह्यांचं न्हाई. माझा भाऊ कायबी बोलू दे. ते पोरगं आमच्या घरचं जेवलेलं हाय, त्याच्या बायकोचा तळतळाट मला नको."

नवरा जाऊन चार दिवस झाले नव्हते त्या बाईला. मनातल्या मनात हात जोडले मी.

डबीवर पुण्यातल्या दुकानाचं नाव होतं. फोन लावला. दुकानदाराला गिऱ्हाईक चांगलं लक्षात होतं. घड्याळ स्टीलचं, काळ्या तबकडीचं. किंमत ऐकून मी पुन्हा विचारली, त्या पैशात वडवणीला बांधलेलं घर आलं असतं. मग तो म्हणाला, "दोघं मित्र आले होते साहेब. दोघांनी आलटून-पालटून हातात घालून बघितलं. हसत होते, म्हणाले, दोघांत एक घेतोय, आठवडा तू, आठवडा मी." त्यानं वर्णन सांगितलं त्यावरून दुसरा माणूस भागीदारच होता.

म्हणजे टेबलापाशी आलेल्यांपैकी ते घड्याळ खरोखर ओळखणारा तो एकटाच होता, आणि खोटं बोललेलाही तोच.

पण वस्तू कुठे? पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, सापडलेली वस्तू टिकते. फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, सेल कुठला लागतो त्याला? दुकानदार म्हणाला, "छे, छे! सेल नसतोच. हाताच्या हालचालीवर चालतं ते. काढून ठेवलं, हात हलला नाही, की बंद पडतं."

मी खुर्चीत बसून राहिलो. गोधडीवरचा तो लुळा हात डोळ्यासमोर आला. अरे देवा, म्हटलं, हे असं नको असायला.

भागीदाराला बोलावलं. चहा दिला. आवाज चढवला नाही. अशा वेळी आरडाओरडा करणाऱ्या अधिकाऱ्याला काही मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. मी एवढंच विचारलं, "आबांचं घड्याळ चालू झालं का?"

त्यानं कप खाली ठेवला. मग बोलायला लागला तो थांबेचना. गुत्तेदारानं नव्या कामांतून त्याचं नाव काढून टाकलं होतं. शेततळ्यावर त्याच गोष्टीवरून वाद झाला, ढकलाढकली झाली. गुत्तेदार कडेच्या दगडावर आपटून पाण्यात गेला आणि हा काठावर उभा राहिला. हात दिला असता तर वाचला असता, हे तोच म्हणाला. हात दिला, पण नंतर, मनगटावरचं काढायला.

"म्हणला होता, दोघांचं हाय. एकदा बी न्हाई दिलं साहेब. एकदा बी न्हाई."

"आणि वडिलांच्या हातात का बांधलं?"

"तिथं कोण ओळखणार होतं? आन्..." तो थांबला. "आबांच्या हातात कधी काही भारी गेलंच न्हाई."

ड्रायव्हरविषयीची कुजबुज हॉटेलात त्यानंच सोडली होती. त्या पोरानं तुझं काय वाकडं केलं होतं, असं मी विचारलं. त्यानं थंड झालेला चहा एका दमात संपवला.

पंचांना घेऊन, निवेदन पंचनाम्यासाठी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्यात वस्तू आरोपीनं स्वतः काढून द्यायची असते. त्याच्या बेड्यांवर मी उपरणं टाकायला सांगितलं. तो खाटेपाशी गुडघ्यावर बसला आणि बापाच्या हातातलं घड्याळ सोडू लागला. कडी निघेना.

आबांनी चांगल्या हातानं त्याचं डोकं कुरवाळलं. "दुरुस्तीला न्हेतूस का? चांगल्या माणसाकडं टाक. भारी हाय का रं?"

"लई भारी हाय, आबा."

माझा तिखट तोंडाचा हवालदार ओटा उतरून जीपकडे गेला.

भागीदाराला जन्मठेप झाली. ड्रायव्हर सुटला, त्याचं सोनेरी घड्याळ कोर्टाच्या आदेशानं त्याला परत मिळालं. पण त्याच्याकडून चुकलं नव्हतं हे सांगायला गावातून एकही माणूस गेला नाही. मेहुणाही नाही. गाडी चालवायला पुन्हा कुणी बोलावलं नाही, म्हणून बायकोला घेऊन तो पुण्याकडे निघून गेला. त्यानंतर त्यानं ते घड्याळ घातलं नाही, असं त्याचा बाप मला म्हणाला.

या तपासानं मला शिकवलं ते असं: साक्षीदार वस्तू ओळखत नसतात, आपल्या मनातला समज ओळखतात. म्हणून कुणी छातीठोकपणे बोट दाखवलं की मी आधी विचारायचो, तुला हे कसं माहीत? नव्या पोरांना मी हे सांगतो. ती वहीत लिहून घेतात.

बदली होऊन जाण्याआधी एकदा त्या गावावरून जात होतो. जीप थांबवली. आबा ओट्यावर तसेच पडून होते, शेजारीण जेवण देत होती. त्यांना कुणी काय सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मी समोर दिसताच ओळखलं त्यांनी. मनगट उघडंच होतं. आता घड्याळाचं विचारतील म्हणून मी शब्द जुळवत होतो.

"सायब," ते म्हणाले, "घड्याळ ऱ्हाऊ द्या. पोरगं कवा येतंय तेवढं सांगा."